पारंपरिक धनुष्याची दोरी: धागा निवडण्यापासून फास वळण्यापर्यंत

दोरी निवडताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, बाण किती वेगाने जाईल? पारंपरिक धनुष्याच्या बाबतीत हा प्रश्न तिसरा किंवा चौथा असायला हवा. आधी बघायचे ते धनुष्याच्या टोकांकडे. दोरीचा फास ज्या खाचेत बसतो ती खाच किती सोसेल, यावर दोरीचा धागा ठरतो. धनुष्य सांभाळून उरलेला वेग घ्यायचा, हा माझा ठाम आग्रह आहे आणि पुढचा सगळा लेख त्याच धोरणाने लिहिला आहे.

दोरीवर ताण नेमका कधी येतो, हे आधी समजून घेऊ. धनुष्य ओढताना दोरीवर सर्वात जास्त ताण येत असेल असे वाटते, पण तसे नाही. बाण सुटतो, दोरी पुढे येऊन सरळ होते आणि धनुष्याच्या दोन्ही भुजा (मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग) एकदम थांबतात. त्या क्षणी दोरीवर धनुष्याच्या पौंडांच्या (म्हणजे ते पूर्ण ओढायला लागणाऱ्या जोराच्या) कित्येक पट झटका बसतो. हा झटका दोरी किती शोषते आणि किती धनुष्याला परत देते, ते धागा किती लांबतो यावर अवलंबून असते. थोडी लांबणारी दोरी भुजांना सावकाश थांबवते. अजिबात न लांबणारी दोरी त्यांना जागच्या जागी रोखते आणि मग सगळा झटका टोकांत, खाचांत आणि मुठीत उतरतो. लाकूड उभ्या रेषांत चिरते, आणि खाच तर त्या रेषांवरच कापलेली असते. बाण न लावता रिकामी दोरी सोडू नये हा नियमही याच कारणाने आहे. बाणात जायची सगळी ताकद तेव्हा धनुष्यातच फिरते.

धागे कोणते आणि कोणासाठी

जुन्या काळी दोरीसाठी काय काय वापरले गेले याची यादी मोठी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधांच्या प्रकरणात दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग (म्हणजे शण, पोत्याचा ज्यूट नव्हे), गवेधु नावाचे गवत, वेळू आणि स्नायू (इथे मांसपेशी नव्हे, मांस हाडाला जोडणारी चिवट कंडरा) अशी सहा नावे येतात. इतरत्र जवसाचा धागा (म्हणजे लिनन), हेंप (भांगेच्या झाडाचा धागा), रेशीम, कच्च्या चामड्याची वादी आणि आतड्याची तांत वापरात होती. यातल्या प्रत्येकाचा एक गुण आहे आणि एक खोड.

लिनन आणि हेंप हे वनस्पतिजन्य धाग्यांतले सर्वोत्तम. ताकद भरपूर, लांबणे अगदी कमी, आणि ओले झाल्यावर लिनन कमजोर होण्याऐवजी उलट थोडे बळकट होते. खोड अशी की धागा तीक्ष्ण कडेवर घासला आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकला की आतून तुटत जातो. म्हणून लिननची दोरी मधोमध सहसा तुटत नाही, फासाशी तुटते.

रेशीम हलके, बळकट आणि किंचित लवचीक असते. तुर्की पद्धतीच्या लढाऊ आणि दूरफेकीच्या धनुष्यांवर ते अतिशय शोभते. पण ओले झाल्यावर त्याची ताकद घटते आणि ते घासले की पटकन तंतू सोडते. म्हणून रेशमाच्या दोरीला मधले आवरण (दोरीच्या मध्यावर गुंडाळलेला संरक्षक धागा) लांब ठेवतात आणि फास वेगळे करून गाठीने जोडतात. झिजलेला फास तेवढा बदलता येतो.

स्नायू, वादी आणि तांत हे तिन्ही प्राणिजन्य. कोरड्या हवेत ते उत्तम चालतात. दमट हवेत मात्र लांबतात आणि पावसात तर दोरीच ढिली पडते. हेच धागे जिथे हवा कोरडी किंवा थंड असते तिथल्या लोकांनी आवडीने वापरले, यात नवल नाही.

आता आधुनिक धागे. डॅक्रॉन हे पॉलिएस्टर. विसाव्या शतकाच्या मध्यापासून दोरीसाठी ते रुळले आणि लाकडी धनुष्यासाठी आजही माझी पहिली शिफारस तेच आहे. बी-५० आणि बी-५५ ही त्याची सर्वात परिचित नावे. एका पदराची (दोरीतल्या एका धाग्याची) ताकद साधारण ५० पौंड. ते झटका शोषते, पाण्याला दाद देत नाही, मेण लावत राहिलात तर वर्षानुवर्षे टिकते आणि वळायला सोपे आहे. बाण सेकंदाला काही फूट कमी वेगाने जातो, एवढीच काय ती किंमत.

दुसरा गट एचएमपीई म्हणजे अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचा. फास्ट फ्लाइट या नावाने तो १९८० च्या दशकात धनुर्विद्येत आला. त्याचा पदर डॅक्रॉनपेक्षा बारीक, हलका आणि खूप बळकट असतो. तो तुटेपर्यंत जेमतेम ३ ते ४ टक्के लांबतो, पॉलिएस्टर मात्र १० टक्क्यांहून जास्त. वेग मिळतो तो यामुळेच आणि धोकाही यामुळेच. ज्या धनुष्याच्या टोकांवर शिंग, कठीण लाकूड, फायबर यांची जोड बसवलेली आहे आणि बनवणाऱ्याने तसे सांगितले आहे, त्यावरच हा धागा लावा. साध्या लाकडात कापलेल्या खाचेवर, जुन्या धनुष्यावर, किंवा इतिहास माहीत नसलेल्या धनुष्यावर नको.

काही धागे सोडूनच द्या. नायलॉन फार ताणला जातो. दोरी चढवली की दर काही बाणांनी तिचे मुठीपासूनचे अंतर कमी होत राहते. सुती धागा कमजोर आहे. पोत्याचा सुतळीवजा ज्यूट ठिसूळ असतो, सारखा वाकला की मोडतो. काथ्या तर विचारातही घेऊ नका. मासे धरायची वेणीची बारीक दोरी ताकदीला पुरते, पण ती खाचेत करवतीसारखी बसते.

किती पदर?

सर्वमान्य नियम असा: दोरीची एकूण ताकद धनुष्याच्या पौंडांच्या किमान चौपट हवी. नैसर्गिक धाग्यात पाच-सहापट धरा, कारण तिथे प्रत्येक पदर सारखा नसतो.

डॅक्रॉनला हा नियम लावला तर ४५ पौंडांच्या धनुष्याला चार पदर पुरतात असे उत्तर येईल. कोणीही चार पदरांची दोरी लावत नाही. इथे पदरांची संख्या ताकदीवर ठरत नाही. दोरी किती लांबेल आणि बाणाच्या खाचेत किती नीट बसेल यावर ती ठरते. पदर जास्त तर दोरी कमी लांबते, फास जाड होतो, खाचेवरचा भार पसरतो. डॅक्रॉनसाठी ३० पौंडांपर्यंत १० पदर, ४५ पर्यंत १२, ५५ पर्यंत १४ आणि त्यापुढे १६ हे प्रमाण निर्धास्त वापरा.

लिननचा हिशेब मात्र करावाच लागतो. धाग्याच्या रिळावरचे आकडे दोरीसाठी उपयोगी नसतात, म्हणून ताकद स्वतः मोजा. धाग्याला गाठ मारून ओढू नका. गाठीत धागा जवळजवळ अर्ध्या ताकदीला तुटतो आणि आकडा खोटा येतो. दोन गुळगुळीत दांड्यांवर धाग्याचे पाच-सहा वेढे घ्या, एक दांडी ताणकाट्याला अडकवा आणि सावकाश ओढा. चार-पाच तुकडे तोडून पाहा आणि सर्वात कमी आकडा धरा, सरासरी नको. समजा तो ८ पौंड आला आणि धनुष्य ४० पौंडांचे आहे. सहापट म्हणजे २४० पौंड, भागिले ८, म्हणजे ३० पदर. तीन बंध (म्हणजे एकत्र वळायचे पदरांचे गट), प्रत्येकी १० पदर.

एक गोष्ट वेगाची काळजी करणाऱ्यांसाठी. दोरीच्या वजनाचा साधारण एक-तृतीयांश भाग बाणाला जोडल्यासारखा काम करतो, कारण दोरीचा मध्य बाणाइतक्या वेगाने धावतो आणि टोके जवळजवळ जागेवर असतात. याचा अर्थ असा की मध्यावरचे अनावश्यक वजन महागात पडते, फासाजवळचे जवळपास फुकट असते. म्हणून फास जाड करायला कधीही कंजुषी करू नका आणि मधले आवरण मात्र हवे तेवढेच ठेवा.

दोरीची लांबी

चढवलेल्या दोरीचे मुठीपासूनचे अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, बरोबर यायचे तर दोरी धनुष्याहून आखूड हवी. सरळ लाँगबोला ३ इंच आणि रिकर्व्हला (टोके पुढे वळलेल्या धनुष्याला) ४ इंच आखूड, हे सुरुवातीचे माप. स्वतः बनवलेल्या लाकडी धनुष्यात एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत, धनुष्याच्या पाठीवरून (म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूवरून) माप घ्या आणि त्यातून ३ इंच वजा करा. ६६ इंचांचे माप आले तर दोरी फासाच्या टोकापासून फासाच्या टोकापर्यंत ६३ इंच. आशियाई पद्धतीच्या खूप वळलेल्या धनुष्यांना हा नियम लागत नाही. त्यांना जुन्या दोरीचे माप घेणे किंवा साध्या दोरीने अंदाज काढणे हाच मार्ग.

दोरी वळणे: फ्लेमिश पद्धत

दोरी दोन प्रकारे होते. एकात धागा दोन खुंट्यांभोवती अखंड गुंडाळून टोकांना आवरण चढवून फास करतात. दुसरीत पदरांचे बंध वळून फास दोरीतूनच काढतात, ती फ्लेमिश. पारंपरिक धनुष्याला फ्लेमिशच घ्या. फास आपोआप जाड होतो, लांबी पीळ देऊन कमी-जास्त करता येते आणि दोन खिळे व हात यापलीकडे काही लागत नाही. इथे १४ पदरांची डॅक्रॉनची, दोन बंधांची दोरी घेऊ. पहिल्या वेळी दोन बंध दोन रंगांचे घ्या. कोणता बंध कुठे चालला आहे ते डोळ्यांना दिसत राहते.

तयार लांबीत २० इंच मिळवून पदर कापा. ६३ इंचांच्या दोरीसाठी ८३ इंच. प्रत्येक रंगाचे सात पदर, सगळे नेमके सारखे.

आता एका रंगाचे सात पदर टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येक पदर मागच्यापेक्षा अर्धा इंच सरकवा, म्हणजे टोकाला जिन्यासारख्या पायऱ्या होतात. पदर सारख्या लांबीचे असल्यामुळे दुसऱ्या टोकाला तशाच पायऱ्या आपोआप मिळतात. दुसऱ्या रंगाचेही तसेच. या पायऱ्यांमुळे पुढे फासानंतर उरलेले आखूड टोक, म्हणजे शेपूट, दोरीत विरत जाते. सगळी टोके एकाच ठिकाणी संपली तर तिथे दोरी एकदम जाडाची बारीक होते आणि त्या जागी ती मोडते.

दोन्ही टोकांचे १२-१५ इंच मेणात चांगले भिजवा. मेण पदरांवर घासा, मग अंगठा आणि तर्जनीत धरून भराभर चोळा, म्हणजे उष्णतेने मेण आत शिरते. बंध काडीसारखा एकसंध झाला पाहिजे. पदर सुटे दिसत असतील तर मेण कमी आहे. मधमाशांच्या मेणात थोडी राळ वितळवून घातली की ते चिकट होते आणि पीळ धरून ठेवते. वितळवताना मेणाचे भांडे थेट आचेवर ठेवू नका, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा.

दोन्ही बंध एकत्र धरा आणि टोकापासून ११ इंचांवर डाव्या चिमटीत पकडा. दोरीचा लांब भाग डावीकडे, आखूड टोके उजवीकडे. उजव्या हाताने, तुमच्यापासून दूरच्या बाजूला असलेला बंध घ्या. त्याला तुमच्यापासून बाहेरच्या दिशेला घट्ट पीळ द्या आणि मग तोच बंध दुसऱ्या बंधावरून तुमच्याकडे आणा. आता दुसरा बंध दूरच्या बाजूला गेला. त्यालाही बाहेर पीळ, आत आणणे. बाहेर पीळ, आत आणणे. बंधाचा पीळ एका दिशेचा आणि दोरीचा पीळ उलट दिशेचा, म्हणून दोघे एकमेकांना अडवून धरतात आणि दोरी सुटत नाही. डावी चिमटी प्रत्येक फेरीनंतर पुढे सरकवत राहा. वळ एकमेकांना चिकटून, तिरप्या रेषांत, सारख्या अंतराने पडले पाहिजेत. एखादा वळ लांबट पडला तर लगेच उलगडून पुन्हा घ्या.

असे ३ इंच वळून झाले की वळलेला भाग दुमडा. हा वरचा फास. तो थोडा मोठा ठेवतात, कारण दोरी उतरवल्यावर तो भुजेवरून खाली सरकायला हवा. खालच्या फासाला अडीच इंच पुरतात.

आता फासाच्या मुळाशी चार बंध आहेत: दोन लांब, दोन आखूड. प्रत्येक आखूड शेपूट त्याच रंगाच्या लांब बंधाशी जुळवा आणि मेण लावून दोघांना एक करा. इथे घाई नको. पुढे फास सुटण्याचे जवळजवळ प्रत्येक प्रकरण या जागेवरून सुरू होते. फासाच्या मुळाशी फट न ठेवता, आधीच्याच हालचालीने वळायला लागा: दूरचा बंध, बाहेर पीळ, आत आणणे. शेपूट संपेपर्यंत वळा, मग आणखी दोन फेऱ्या.

या सगळ्यात लांब भागात उलटा पीळ साचलेला असतो. फास खिळ्याला अडकवा, दोन्ही रंग बोटांनी वेगळे करत शेवटापर्यंत विंचरा आणि पदर समांतर करा. मग बंध हातात ताणून धरा आणि एकेक पदर तपासा. एखादा ढिला लोंबत असेल तर दुसऱ्या टोकाकडून ओढून घ्या. सगळ्या दोरीत मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो हाच टप्पा. चौदापैकी दोन पदर ढिले राहिले तर तुमची दोरी बारा पदरांची आहे, आणि त्या बाराही सारखे काम करत नाहीत.

ताणलेल्या दोरीवर ६३ इंचांची खूण करा. खालचा फास त्या खुणेवर दुमडला जायला हवा, म्हणून वळायला सुरुवात खुणेच्या सव्वा इंच अलीकडून. अडीच इंच वळा, दुमडा, शेपट्या रंगाशी रंग जुळवून वळत जा. दुसऱ्या फासाच्या जोडात दोरी थोडी आखडते, पण डॅक्रॉन पुढे धनुष्यावर लांबते आणि हिशेब जमतो. एचएमपीई लांबत नाही, तिथे खूण अर्धा इंच पुढे धरा.

हाताची हालचाल दोन्ही फासांना अगदी एकच हवी. एका फासाला बाहेर पीळ आणि दुसऱ्याला आत पीळ दिला, तर मधली दोरी कुठल्याही दिशेला फिरवली तरी एक फास घट्ट होतो आणि दुसरा उसवतो.

दोन्ही फास झाले की एक खिळ्याला अडकवा आणि दुसरा हातात धरून दोरी फिरवा, फासाजवळचा पीळ घट्ट होईल त्याच दिशेने. आधी काही वळ उलगडण्यात जातील. बंध समांतर दिसले की तिथून मोजायला सुरुवात करा. दर २ ते ३ इंचाला एक वळ, म्हणजे या दोरीला २० ते ३० वळ. सुरुवातीच्या वळांनी लांबी फारशी घटत नाही. वळ वाढत गेले की प्रत्येक नवा वळ आधीच्यापेक्षा जास्त आखडतो. ब्रेस हाइट शेवटी बारीक जुळवताना हे लक्षात ठेवा.

चढवणे आणि बसवणे

खाचांवरून आधी बोट फिरवा. जिथे बोटाला कड लागते तिथे दोरी कापली जाणार. बारीक कागदाने घासून खाचेच्या कडा गोल करा. लिननच्या दोरीला तर हे केल्याशिवाय चढवूच नका.

दोरी चढवायला स्ट्रिंगर (धनुष्य वाकवायची मदतीची दोरी) वापरा. मांडीत अडकवून चढवताना भुजेला पीळ बसण्याचा धोका असतो. दोन्ही फास खाचेत नीट बसले आहेत, दोरी दोन्ही भुजांच्या मध्यावरून जाते आहे, हे पाहिल्याशिवाय ओढू नका. नव्या दोरीला पहिल्यांदा अर्धे, मग पाऊण ओढून सावकाश सोडत आणा. रिकामी सोडायची नाही.

लाँगबोची ब्रेस हाइट साधारण ६ ते ७ इंच. मूठ वळून अंगठा वर केला की जेवढे अंतर होते तेवढे, हे जुने माप अजूनही बरोबर उतरते. रिकर्व्हला साडेसात ते नऊ. कमी असेल तर एका फासाला सोडवून पीळ वाढवा, जास्त असेल तर कमी करा, पण दोरी सुटी पडेल इतका कमी नको. पहिल्या काही डझन बाणांत दोरी लांबते आणि उंची उतरते. ती स्थिर होईपर्यंत मधले आवरण घालू नका. आधी आवरण आणि मग लांबणे झाले की आवरण विरळ होते आणि सरकते.

मधले आवरण, म्हणजे सर्व्हिंग, चढवलेल्या दोरीवरच घालायचे. बाण लावण्याच्या जागेच्या सुमारे २ इंच वरून सुरू करा आणि खाली ४-५ इंचांपर्यंत न्या, म्हणजे हाताला दोरी घासते तो भागही झाकला जाईल. धागा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा खास सर्व्हिंगचा घ्या. लिननच्या दोरीला लिननचाच. धाग्याचे टोक दोरीला समांतर ठेवून त्यावरून १०-१२ वेढे घट्ट घ्या, टोक आत दाबले जाते. पुढे वेढे दोरीच्या पिळाच्या दिशेनेच, म्हणजे पीळ सुटू पाहील तेव्हा आवरण आवळले जाईल. वेढ्याला वेढा चिकटून, मध्ये दोरी दिसता कामा नये.

शेवट बांधण्याची रीत एकदा बोटांना कळली की कायमची राहते. आवरण संपवायच्या जागेच्या पुढे धाग्याचा मोठा सैल फासा सोडा. त्या फाशाच्या आत, पुढून मागे म्हणजे आवरणाच्या दिशेने येत, १०-१२ वेढे घ्या आणि धाग्याचे टोक आवरणावर दोरीला समांतर धरा. आता फासा दोरीभोवती आधीच्याच दिशेने फिरवत राहा. बाहेरचे वेढे आवरणावर चढत जातात आणि आतले उलगडत जातात. आतले संपले की टोक ओढा, उरलेला फासा आवरणाखाली नाहीसा होतो. टोक कापा. गाठ कुठेच नाही.

बाणाची खाच आवरणावर हलकेच बसायला हवी. बाण दोरीला लटकवा, धनुष्य आडवे धरून दोरीवर बोटाने टिचकी मारा. बाण लटकून राहावा आणि टिचकीने सुटावा. टिचकी मारूनही सुटत नसेल तर आवरण जाड आहे, आणि आपोआप पडत असेल तर पातळ. पडणारा बाण धोकादायक आहे, कारण तो ओढताना दोरीवरून सरकला तर ती सोडलेली दोरी रिकामीच ठरते. बाणाची जागा काटकोनापेक्षा थोडी वर धरा. मुठीवरून बाण सोडणाऱ्या लाँगबोला अर्ध्या इंचापासून सुरू करून बाण सरळ उडेपर्यंत खाली-वर करत जुळवा. जागा सापडली की तिथे धाग्याचे चार-सहा वेढे घट्ट बांधा. लाकडी धनुष्याच्या दोरीवर पितळी कडी लावायची गरज नाही, मध्यावरचे वजन आपण वाचवतो आहोत.

नैसर्गिक धाग्यात काय बदलते

लिननची दोरी वरच्याच पद्धतीने, पण तीन बंधांची वळा. ती गोल होते आणि फासात तीन बंध भार वाटून घेतात. वळताना बोटे किंचित ओली ठेवा, धागा मऊ होतो आणि वळ बसतात. फासाच्या जागी प्रत्येक बंधात दोन-तीन जादा आखूड पदर घाला. दोन्ही टोकांना फास करण्याऐवजी वरच्या टोकाला फास आणि खालच्या टोकाला सुटी गाठ ही जुनी रीत लिननला फार सोयीची आहे. टोक भुजेभोवती फिरवून, दोरीखालून घेऊन, स्वतःभोवतीच तीन-चार वेढे दिले की दोरीचा ताणच ती गाठ आवळतो. लिनन लांबत नाही, त्यामुळे लांबी एका इंचाने चुकली तर पिळाने भरून निघत नाही. गाठीने निघते. झिजणारी जागाही थोडी सरकवता येते.

स्नायूची दोरी करायची तर पाठीचे लांब किंवा पायाचे जाड स्नायू पूर्ण वाळवून, ठोकून, तंतू सोडवावे लागतात. तंतू ओलसर करून दोन बंधांत वळत जा आणि बंध बारीक होऊ लागला की नवा तंतू आत सरकवा. दोन्ही बंधांत नवा तंतू एकाच जागी कधीच घालू नका. झाली की ताणून, वजन टांगून वाळवा.

वादीसाठी कच्च्या चामड्याचा गोल तुकडा घ्या आणि कडेपासून मध्याकडे गोलगोल कापत सलग लांब पट्टी काढा. तिला ओली असताना पीळ द्या आणि ताणाखाली सुकू द्या. रुंदी सगळीकडे सारखी येणे हेच यातले कसब, कारण अरुंद जागेवर दोरी लांबते आणि तिथेच तुटते. दोन्ही दोऱ्यांना वरून मेण किंवा चरबी हवी आणि पावसात बाहेर काढायची नाही.

दोरी कधी काढून टाकायची

दोरी तुटणे म्हणजे रिकामी सोडण्याइतकेच वाईट. म्हणून दर वेळी चढवण्याआधी तीन जागा बघा: दोन्ही फासांचे आतले पृष्ठभाग आणि आवरणाच्या वर-खाली लगेचची दोरी. तंतू पिंजल्यासारखे दिसले तर मेण लावून चोळा, ते बसतात. एक पदर जरी तुटला असेल तर दोरी बाद. उरलेले तेरा पुरेसे आहेत असा विचार करू नका, तो पदर ज्या कारणाने तुटला ते कारण अजून तिथेच आहे. बहुतेकदा ते खाचेत सापडते. ब्रेस हाइट बसल्यानंतर पुन्हा अचानक उतरू लागली तर फास सरकतो आहे किंवा आत पदर तुटले आहेत, दोन्ही बाबतीत दोरी उतरवा.

एचएमपीईच्या दोरीला मेण लावताना चामड्याने जोरात घासून गरम करू नका. हा धागा दीडशे अंशांच्या आसपास वितळतो आणि त्याच्या कितीतरी आधीपासून कमजोर होऊ लागतो. डॅक्रॉनला ही नाजूकता नाही.

लाकडी धनुष्य वापरून झाले की दोरी उतरवा, पण खालचा फास खाचेतच राहू द्या आणि वरचा भुजेवर सरकवून ठेवा. फास पूर्ण सुटला तर दोरीचा पीळ उलगडतो आणि पुढच्या वेळी उंची बदललेली असते. जोडीला दुसरी दोरी नेहमी तयार ठेवा. कोरी नको. तिच्यावर पुरेसे बाण सोडून, लांबणे संपवून, आवरण आणि बाणाची जागा जुळवून मग ती उतरवलेली असावी. कागदाच्या चिठ्ठीवर वळांची संख्या आणि ब्रेस हाइट लिहून ती चिठ्ठी दोन्ही फासांतून ओवून ठेवा. फास एकमेकांना बांधलेले राहतात आणि पीळही जात नाही.